यंदा पाडव्याला गल्लीत चित्रे लावू या

आज वसुबारस. मुंबईहून सुटलेल्या गाड्या आता दोन-तीन रात्री पाटणच्या स्टँडवर रिकाम्या होत राहतील. तुर्भ्याच्या बाजारातून, मशीद बंदरातून, कोपरखैरण्यातून माणसे येतील आणि ढेबेवाडी, मोरणा, तारळे, चाफळ खोऱ्यांतल्या वाड्यांकडे पांगतील. या तालुक्याचे आणि मुंबईतल्या हमालीच्या कामाचे नाते जुने आहे. माथाडी कामगारांची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील मंद्रुळकोळ्याचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला पहिल्यांदा हक्काचा हिशेब मिळाला, त्यांत आपल्याकडची माणसे होती. त्यांची मुले-नातवंडे आज तिकडे वेगवेगळ्या कामांत आहेत. पण गणपतीला, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला घराकडे येण्याचा रिवाज सुटलेला नाही. वर्षातून या तीन वेळाच गाव पुरते भरते.

भरलेले गाव एकत्र येतेच असे मात्र नाही. घरात माणसे दहा आणि दार लोटलेले, असे चित्र गेली काही वर्षे दिसते आहे. फराळाचे ताट भावकीत जाते, फार तर शेजारच्या दोन घरांत. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या सुनेला गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोण राहते ते नावानिशी सांगता येत नाही. मुंबईत वाढलेल्या नातवाला चुलत्यांपलीकडे गाव ठाऊकच नाही. भाऊबीज झाली की पुन्हा पिशव्या भरायच्या. भांडण नाही, वैर नाही, तरी माणसे एकमेकांना अनोळखी होत चालली आहेत. आम्हाला याची काळजी वाटते आणि ती बोलून दाखवण्यापेक्षा यंदा एक सूचना करावीशी वाटते.

पाडवा आणि भाऊबीज या दोन दिवशी प्रत्येक गल्लीने, प्रत्येक वाडीने आपल्या माणसांनी हातांनी केलेल्या गोष्टींचे प्रदर्शन भरवावे. सभागृहात नको, शाळेच्या हॉलमध्ये नको. ओसरीवर, पडवीत, अंगणात, पायरीवर भरवावे. या घराच्या खुंटीपासून त्या घराच्या खिडकीच्या गजापर्यंत सुतळी ताणावी आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे लावावीत. जे टांगता येत नाही ते खाटेवर, पाटावर, उलट्या घमेल्यावर मांडावे. दोन दिवस गावाने फिरून ते पाहावे. बस्स.

यावर पहिला प्रश्न येतो, तो आम्हालाही विचारला गेला: आपल्याकडे कलाकार आहेत कुठे?

आपल्या दारात पाहिले तरी उत्तर मिळेल. परीक्षा संपल्यापासून पोरे मातीत आहेत. दगड रचून, जुने पोते चिखलात बुडवून त्यावर टाकायचे, चिखल थापायचा, तट ओढायचा, खताच्या गोणीतून आणलेली तांबडी माती वरून भुरभुरायची, हळीव आणि मोहरी पेरून गवत उगवू द्यायचे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला हे काम कोणी न शिकवता येते. आपल्याकडचा मुलगा त्यातही दातेगड करायला घेतो, तेव्हा बघण्यासारखे असते. टोळेवाडीच्या डोक्यावरचा तो गड त्याने पाहिलेला असतो. कातळात खोदलेला दरवाजा, आत कोरलेला भलामोठा गणपती आणि मारुती, तलवारीच्या आकाराची विहीर, हे सगळे त्याला हातभर जागेत बसवायचे असते. विहिरीसाठी तो विळ्याच्या टोकाने चिखल कापतो, पाणी जिरू नये म्हणून आत प्लॅस्टिकची पिशवी पसरतो आणि पिशवी दिसू नये म्हणून तिच्या कडेला बारीक खडे लावतो. शिल्पाच्या शिक्षणात जे शिकवतात, म्हणजे मोठी वस्तू लहान करताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ते तो दहाव्या वर्षी स्वतःच्या बुद्धीने ठरवत असतो. आणि हा किल्ला पाहतो कोण? घरचे, समोरचे, आणि स्पर्धा असेल तर वही घेऊन आलेले परीक्षक.

दुसरे उदाहरण रुखवताचे. मराठी घरांत चित्रप्रदर्शनाची परंपरा नाही असे म्हणणाऱ्याने एकदा लग्नाच्या मांडवातल्या त्या लांबलचक टेबलाकडे नीट पाहावे. बांगड्यांचा झोपाळा, आइस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी, मण्यांचे तोरण, क्रोशाचे रुमाल, सुपाऱ्यांना मुंडावळ्या बांधून केलेले नवरा-नवरी, सप्तपदीच्या सात पावलांवरचे भरतकाम. यामागे मुलीच्या मावश्या, आत्या, मैत्रिणी महिनोन् महिने रात्री जागतात. अक्षता पडेपर्यंत बायकांची त्याभोवती दाटी असते. कोणी टाके मोजते, कोणी हे कसे केले म्हणून विचारते. संध्याकाळी सगळे खोक्यात जाते, खोके सासरच्या माळ्यावर जाते आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पाटण तालुक्यातल्या माळ्यांवर अशी किती खोकी असतील! ती यंदा खाली काढावीत. जिने ती वस्तू केली तिचे नाव बाजूला लिहावे. आज ती बाई कोणाची आई असेल, कोणाची आजी. तिच्या हातात हे होते, हे तिच्या मुलांनाही ठाऊक नसते.

मग वाकळ आहे. आजीच्या लुगड्याचा काठ, आजोबांच्या पटक्याचा तुकडा, धाकट्याच्या शाळेच्या शर्टाची बाही, सगळे एकात शिवलेले. दोरीवर ती उन्हात पडते तेव्हा आपण तिला वाळत घातलेले अंथरूण समजतो. तीच पाडव्याला कठड्यावर पसरली आणि शिवणारी म्हातारी शेजारी स्टुलावर बसली, तर कुठला तुकडा कोणाचा हे सांगण्यात तिची सकाळ जाईल आणि ऐकणाऱ्याला त्या घराच्या तीन पिढ्या समजतील. बुरुडाची सुपे, दुरड्या, कोयनेच्या पावसात शेतात बसायला लागणारे इरले, सुताराने केलेला पाळणा, मूर्तिकाराकडे उरलेला गणपतीचा साचा, भजनी मंडळाच्या वहीतली सुंदर अक्षरे, दहावीत असताना काढलेले आणि ट्रंकेच्या तळाशी गेलेले एखादे स्थिरचित्र. मांडायचे म्हटले तर अंगणे अपुरी पडतील.

आता एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. या प्रदर्शनात स्पर्धा ठेवू नका.

आपल्याकडे काहीही करायचे म्हटले की ते स्पर्धेच्या वाटेने जाते. रांगोळी स्पर्धा, किल्ले स्पर्धा, आरास स्पर्धा, निबंध स्पर्धा. पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ. त्यासाठी परीक्षक, परीक्षकांसाठी सत्कार, बक्षिसासाठी पाहुणे, पाहुण्यांसाठी मंडप, मंडपासाठी देणगीदार आणि देणगीदारांसाठी फ्लेक्स. अखेरीस फ्लेक्सवर माणसे जास्त आणि भिंतीवर चित्रे कमी, अशी अवस्था होते. मंडळांचे परिश्रम आम्ही पाहतो. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण स्पर्धेचे काम निवडण्याचे आहे आणि निवडायचे म्हणजे बहुतेकांना मागे ठेवायचे. ज्या मुलीला तीन वर्षे काही मिळाले नाही, ती चौथ्या वर्षी रंग हातात घेत नाही. शाळेतही असेच होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपल्या तालुक्यातली मुले उत्साहाने बसतात, त्यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि दहावी झाली की चित्रकलेची वही बंद होते. गुणांसाठी सुरू झालेली गोष्ट गुणांपाशी थांबते, यात मुलांचा दोष नाही. म्हणून गावात वर्षातून एक जागा अशी हवी की जिथे चांगले-वाईट ठरवायला कोणी बसलेले नाही. जे केले ते लावायचे आणि लोकांनी समोर उभे राहून पाहायचे. ज्याला आवडले तो विचारेल, ‘हे तू केलंस?’ एवढे पुरते.

कलेसाठी माणसे जमवण्याचे चांगले दाखले आपल्या आसपास आहेत. कोल्हापुरात ‘रंगबहार’ ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या आपल्या थोर चित्रकारांची आठवण म्हणून हिवाळ्यातल्या एका सकाळी झाडांखाली चित्रकार चित्रे काढत बसतात, शिल्पकार मातीत मुखवटा घडवतात, बाजूला गाणे चालू असते. तिकीट नाही, दार नाही. दूधवाला, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक कोंडाळे करून उभे असतात आणि मातीच्या गोळ्यातून समोर बसलेल्या माणसाचे नाक कसे वर येते ते पाहतात. तयार चित्रापुढे पुष्कळांना संकोच वाटतो, काय बोलावे सुचत नाही. काम चालू असताना मात्र कोणीही प्रश्न विचारतो. आपल्या गल्लीतही मांडलेल्या वस्तूंच्या जोडीला एखादा बुरूड सूप विणत बसला, एखादी मावशी वाकळ शिवत बसली, तर गर्दी आधी तिथे जमेल, यात आम्हाला शंका नाही.

आपल्याच जिल्ह्यातले भिलार पाहा. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झाले. राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तके आणि कपाटे दिली, चित्रकारांनी भिंती रंगवल्या. पण त्या योजनेचा प्राण गावकऱ्यांनी दिला, कारण त्यांनी आपल्या घरातल्या खोल्या उघडल्या. कोणाच्या ओसरीत कादंबऱ्या, कोणाकडे चरित्रे, कोणाकडे बालसाहित्य. अनोळखी वाचक चपला काढून घरात येतो, खुर्चीत बसून वाचतो आणि घरची माणसे आपापल्या कामात असतात. आपल्याला पाटणमध्ये पर्यटक आणायचे नाहीत. आपल्याला समोरच्या घरातल्या माणसाला आपल्या ओसरीवर आणायचे आहे, आणि त्याला सरकारी योजनेची गरज नाही.

औंधचे नाव घेतल्याशिवाय सातारा जिल्ह्यात कलेविषयी लिहिणे बरे नव्हे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आपला संग्रह त्यांनी वाड्यात ठेवला नाही. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारून तो रयतेपुढे मांडला. रविवर्म्यांची मूळ चित्रे, धुरंधरांची चित्रे, हेन्री मूरचे दगडी शिल्प, हे आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. वेदाभ्यासक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले पंडित सातवळेकर जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते आणि कितीतरी वर्षे औंधला राहिले. खेड्यातल्या माणसाला उत्तम कला पाहायला मिळाली पाहिजे, ही त्या राजाची तळमळ होती. त्याच्या पुढचे पाऊल, म्हणजे खेड्यातल्या माणसाचे काम खेड्याने पाहणे, ते राजाने टाकायचे नव्हतेच. ते आपले आहे.

परदेशातला एकच दाखला देतो, कारण तो आपल्या दुखण्याशी जुळतो. जपानच्या निगाता प्रांतात एचिगो-त्सुमारी नावाचा डोंगराळ, भातशेतीचा, भरपूर बर्फ पडणारा भाग आहे. तरुण शहरांत गेले, गावांत म्हातारी माणसे राहिली, शाळा बंद पडल्या, घरांना कुलपे लागली. २००० साली फ्राम कितागावा यांनी तिथे दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला आणि त्यासाठी नवी इमारत बांधण्यापेक्षा त्या रिकाम्या घरांत, बंद शाळांत, शेतांच्या बांधांवर कलाकृती मांडल्या. आरंभी गावकऱ्यांचा विरोध होता. पुढे तेच म्हातारे-म्हाताऱ्या पाहुण्यांना वाट दाखवू लागले, जेवू घालू लागले. आपल्या वाड्यांतही अशी घरे आहेत, दिवाळीला उघडणारी आणि भाऊबीजेनंतर पुन्हा कुलूप लागणारी. ती उघडी असतात त्याच दोन दिवसांत त्यांच्या भिंतींना काही लावायला काय हरकत आहे?

आणि लावण्यासारखे एक फार मोलाचे साहित्य याच घरांत आहे. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली त्याला साठ वर्षे उलटली. शिवसागराच्या काठची माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर आणि भोवतीची गावे पाडली. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. या तालुक्याने घर हरवणे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बुडालेल्या गावाचे देऊळ कोणत्या बाजूला होते, पाणवठ्याकडे वाट कशी उतरायची, कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना कागद द्यावा, नातवाने पेन्सिल धरावी आणि आजोबांनी सांगावे तसा गावाचा नकाशा काढावा. रेषा वाकडी आली तरी चालेल. पेटीतला एखादा जुना फोटो असेल तर त्याची प्रत काढून शेजारी लावावी. मूळ फोटो दवात टांगू नये. असे दहा नकाशे एका दोरीवर आले तर शेजारच्या गल्लीतला म्हातारा येऊन त्यात एक विहीर वाढवेल, आणि पाटणचा जो इतिहास कुठल्या दप्तरात नाही तो लिहिला जाऊ लागेल.

व्यवहाराच्या चार गोष्टी. चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला असावे आणि मुलांची चित्रे मुलांच्या उंचीला. जाड कागद नसेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावे, वाऱ्याने दुमडत नाही. कार्तिकात आपल्याकडे नदीकाठी पहाटे दव उतरते, कधी परतीचा पाऊसही रेंगाळतो. म्हणून संध्याकाळी दिवे लागून गर्दी ओसरली की सगळे आत घ्यावे. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असावी: कोणी केले, कधी केले, कशाचे केले. विक्री करायची की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे, पण किमतीची चिठ्ठी दर्शनी लावू नये. पहिल्या वर्षी तरी पैसा मध्ये नको. भाषण नको. उद्घाटन करायचेच तर गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईने सुतळीची गाठ बांधावी.

बायकांचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक बोलले पाहिजे. घरोघर जाऊन आरास पाहण्याची चाल आपल्यात गौरींच्या सणाला आहेच. पण ते बोलावणे हळदीकुंकवाचे असते आणि जिचा नवरा नाही तिला ते येत नाही. आपल्याकडचे सगळ्यांत सुंदर भरतकाम, सगळ्यांत बारीक टाके ज्यांच्या हातात आहेत अशा कितीतरी बाया याच कारणाने दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि साऱ्या राज्याने त्याची दखल घेतली. ठराव झाला तरी वागण्यात उतरायला निमित्त लागते. चित्र पाहायला येण्यासाठी कुंकू लागत नाही. पाडव्याच्या या फेरीचे पहिले बोलावणे अशा घरांत जावे आणि ते द्यायला घरातल्या सुवासिनींनीच जावे.

मोठा प्रश्न शेवटी ठेवला आहे, कारण तो टाळला तर बाकी सगळे वाया जाईल. दोरी कुठून कुठपर्यंत जाणार? गाव म्हटले की मधली आळी, देवळाचा परिसर आणि वेशीपलीकडची वस्ती ही विभागणी आपल्याला पाठ आहे. मधल्या आळीने प्रदर्शन भरवले आणि बाकीच्यांना बघायला बोलावले, तर ते त्या आळीचे प्रदर्शन झाले, गावाचे नव्हे. माजगावच्या मारुतीची हकीकत आपल्याकडे सांगतात: वेशीवर एक साधा दगड होता, लोक त्यालाच मारुती मानून नमस्कार करत, आणि समर्थ रामदासांनी त्याच दगडावर मूर्ती कोरवून घेतली. लोक जिथे आधीपासून थांबत होते तिथेच मूर्ती घडली. लोकांना दुसरीकडे यायला सांगितले नाही. प्रदर्शनही जिथे माणसे राहतात तिथपर्यंत गेले पाहिजे. बुरुडाचे सूप देवळापुढे आणून मांडण्यापेक्षा पाहणाऱ्यांनी त्याच्या अंगणात जावे, तो विणतो तिथे उभे राहावे, त्याच्या घरचे पाणी प्यावे. धनगरवाड्यावरच्या घोंगड्या तिथेच पाहाव्यात. वाट थोडी चढाची असेल, पण मुंबईहून आलेल्या नातवाला ती दाखवायलाच हवी.

तेव्हा आधी हा मार्ग ठरवावा, चित्रे नंतर गोळा करावीत. पाडव्यापर्यंत तीन-चार दिवस हातात आहेत. आज संध्याकाळी गाई-वासरांची पूजा झाली की प्रत्येक आळीतून, प्रत्येक वस्तीवरून दोघादोघांनी, त्यात एक बाई असलीच पाहिजे, पारावर बसावे आणि कागदावर गावाचा रस्ता काढावा: सुरुवात कुठे, पाणी कुठे ठेवायचे, म्हाताऱ्यांना बसायला बाकडे कुठे, आणि शेवटचे घर कोणाचे. सुतळीचे बंडल आणि चिमटे बाजारात कोणत्याही दुकानात मिळतात.